सतरा हजार पावलं

पालखी खालच्या वाडीत शिरल्याचा ढोल पऱ्ह्याचा ओढा ओलांडून वर आला आणि सखूच्या हातातली पोळी तव्याऐवजी चुलीत पडली. पालखीच्या दिवशी पोळी जळणं अपशकुनात मोडतं की नाही, हे तिला नक्की ठाऊक नव्हतं. तिने मागे वळून पाहिलं. कोणी पाहिलेलं नव्हतं, तेव्हा मोडत नाही असं ठरवून तिने दुसरी पोळी लाटायला घेतली.

एरवी तिचा हात चुकत नसे. आज चुकत होता, कारण तासाभरात ग्रामदेवाची पालखी अंगणात येणार होती आणि या अंगणातला पहिला खांदा महिपतचा होता. सासरे गेल्यापासून सव्वीस शिमगे पालखीचा पुढचा दांडा तिच्या नवऱ्यानेच उचलला होता. मागे एक गडी, पुढे महिपत, मध्ये रुप्याने मढवलेला देव, आणि ढोल थकेपर्यंत नाच. पण आता महिपत सदुसष्टचा झाला होता. भादव्यात गणपती घेऊन घाटी चढताना त्याने मूर्ती दुसऱ्याच्या हाती दिली आणि वाटेतच बसकण मारली, तेव्हा त्याच्या ओठांचा रंग सखूने पाहिला होता. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी हृदयाची तपासणी करा म्हणून चिठ्ठी दिली. महिपतने ती चिठ्ठी गणपतीच्या पाटाखाली ठेवली आणि गणपतीबरोबरच विसर्जनाला पाठवली.

मुंबईच्या लेकाने, अनिलने, त्यावर वेगळा इलाज काढला. बापाला डॉक्टरकडे न्यायचं तर गोदामातून चार दिवसांची रजा काढावी लागते, साहेबाची बोलणी खावी लागतात. घड्याळाचं तसं नसतं, ते दुकानातून घेतलं की झालं. दिवाळीला त्याने अठ्ठावीस हजारांचं घड्याळ आणून बापाच्या मनगटावर बांधलं आणि म्हणाला, "बाबा, ह्यात तुमचे ठोके, तुमची पावलं, तुमची झोप, सगळं मला तिकडे मोबाइलवर दिसणार. डॉक्टर हातात बांधलाय समजा."

डॉक्टर हातावर तीन दिवस टिकला. घामाने मनगटाला खाज सुटली. त्यातून महिपत पडवीत तंबाखू मळत बसला रे बसला की घड्याळ थरथरायचं आणि उठा, चाला म्हणायचं. महिपतला उठा म्हणायची हिंमत आजवर एकट्या सखूने केली होती, आणि तिचंही त्याने ऐकलेलं नव्हतं. चौथ्या दिवशी घड्याळ खुंटीवर गेलं. संध्याकाळी मुंबईहून फोन. बाबा, पावलं शून्य कशी? बरं आहे ना?

"बरा हाय रे, बरा हाय," म्हणत महिपतने फोन ठेवला आणि घड्याळ सखूपुढे धरलं. "अगो, ह्या तू घाल. तू तशी पन बसत न्हायस."

म्हणजे गेले चार महिने मुंबईत अनिल जे ठोके पाहत होता ते आईचे होते. सतरा हजार पावलं! अनिल ती गोदामात मित्रांना दाखवायचा. एकच तक्रार होती, झोप पाच तासांच्या वर जात नाही. त्यावरून तो फोनवर बापाला रागवायचा आणि नऊ तास घोरून उठलेला महिपत जांभई आवरत म्हणायचा, "काय करू, डोळाच लागत न्हाय मेला."

आणि सखूला, खरं सांगायचं तर, ते घड्याळ आवडायला लागलं होतं. शेणात हात असताना फोन वाजला तर मनगटावर नाकाने दाबून बोलता येत होतं. पहाटे गोठ्यात जाताना त्याचा उजेड पडत होता. फोन कुठे ठेवला हे आठवेना तर घड्याळावर बोट ठेवलं की तो तांदळाच्या डब्यामागून ओरडायचा. अठ्ठावीस हजारांचं सुख ते होतं का, हे तिला सांगता आलं नसतं. पण साठ वर्षांत तिला काय लागतं याची एवढी चौकशी दुसऱ्या कुणी केली नव्हती.

काल संध्याकाळी अनिल, सून ज्ञानेश्वरी आणि नात सानवी यायच्या आधी महिपतने घड्याळ मागून घेतलं आणि स्वतःच्या हातावर चढवलं. सखूने मुकाट्याने दिलं. तेव्हा तिला वाटलं होतं, पोरगा चार दिवस राहील, जाईल, काय बिघडणार आहे.

बिघडायला सुरुवात पडवीतच झाली.

भावकीतले पाच-सहा जण पालखीची वाट बघत बसले होते. त्यांत महिपतचा चुलत भाऊ सदू. पन्नाशीचा, धडधाकट, आणि स्वभावाने असा की दुसऱ्याच्या पानात मीठ जास्त पडलंय हे त्याला चवीआधी कळे. पहिल्या खांद्यावर त्याचा डोळा होता हे वाडीतल्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं.

"दादा," सदू म्हणाला, "राग नको मानूस. पन यंदा तू खांद्याला लागू नकोस आसा मना वाटता. भादव्यात काय झाला ता आमी बगितलाव."

"काय झाला? पाय घसरला."

"बसून घसरला?"

बाबूआबा, भावकीतले सगळ्यांत थोरले, काठीवर हनुवटी टेकून हसले. सखू स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली. सदूचा हेतू चांगला नव्हता, पण बोलत होता ते खरं होतं, आणि याचा तिला फार राग आला. खरं बोलायला याच मेल्याची गाठ पडावी!

"काका, एक मिनिट," अनिल पुढे झाला. मोबाइल त्याने आधीच बाहेर काढून ठेवला होता. "ह्या दिवसासाठीच तर घड्याळ घेतलं. हे बघा. नोव्हेंबरपासूनचा हिशोब. रोजची सतरा हजार पावलं. एक दिवस तर बावीस! बसलेले असताना ठोके बासष्ट. आमच्या गोदामात पंचविशीतल्या पोरांचे एवढे चांगले नाहीत."

सगळी डोकी मोबाइलवर गोळा झाली. बाबूआबांनी चष्मा पुसून घेतला.

"ह्यात मानूस मरनार कदी ता दिसता काय?"

"नाही आबा, तसं नसतं."

"मग अठ्ठावीस हजार कशाला घातलंस? तेवढ्यात गाय आली असती. ती शेन तरी देते."

"माज्या तीनशेच्या घड्याळात पन साडेतीनच वाजल्यात," सदू म्हणाला. पण त्याचा आवाज पडला होता. आकड्यांपुढे काय बोलणार? महिपत तंबाखूची चिमूट दाढेखाली सरकवून असा बसला होता की बावीस हजार पावलं त्यानेच टाकली असावीत. खोटं बोलून बोलून माणसाला ते खरं वाटायला लागतं म्हणतात. महिपतला तर ते फुकटात, दुसऱ्याच्या पायांवर, वाटायला लागलं होतं.

"सतरा हजार चालनाऱ्या मानसाला खांदा नको म्हनायचा तर मग कोनाला म्हनायचा?" बाबूआबांनी निवाडा दिला. "महिपतच नाचवील."

सखू आत वळली तर ज्ञानेश्वरी चुलीजवळ उभी होती, अनिलचाच जुना मोबाइल हातात घेऊन. त्यातही तेच आकडे दिसत असावेत.

"आई," ती हळूच म्हणाली, "बाबा पहाटे सव्वाचारला उठून चालतात?"

"उठतत की."

"लग्नाला सोळा वर्षं झाली माझ्या. साडेसातच्या आत बाबांना मी उठलेलं पाहिलं नाही. सव्वाचार ते पाच घर ते गोठा, मग विहीर, मग परत गोठा." तिने सासूचा डावा हात धरला आणि बांगड्या वर सारल्या. चार महिन्यांच्या उन्हात मनगट रापलं होतं आणि मध्ये पट्ट्याएवढी गोरी खूण होती. "काल रात्री तुम्ही भात वाढताना दिसली मला."

"गप रव, बाय. आज नको."

"आज नाही तर कधी? त्यांना बाहेर काही झालं म्हणजे?" ज्ञानेश्वरीचा आवाज चढला, मग तिनेच तो दाबला. "मी तेव्हाच ह्यांना म्हटलं होतं, एवढ्या पैशात बाबांची तपासणी होईल आणि वर तुमच्यासाठी फ्रिज येईल. पण ह्यांना बटण दाबून काळजी करायची होती. तुम्ही बोलता की मी बोलू?"

"तू बोललीस तर सून सासऱ्याचा मान काढायला उठली आसा व्हईल."

"आणि तुम्ही बोललात तर?"

ती बोलली तर काय होईल हे सखूला नीट दिसत होतं. भावकीसमोर, सदूसमोर, नवरा खोटा पडेल. बापाकडून आलेला मान त्याच्या हातून जाईल, तोही बायकोमुळे, आणि महिपत मरेपर्यंत ते विसरणार नाही. आणि नाही बोलली तर तो मरेपर्यंतचा काळ कदाचित आजच्या संध्याकाळएवढाच असेल. ढोल आता वाडीच्या टोकाशी आला होता. तिने हाताचं पीठ पदराला पुसलं आणि ती पडवीत आली. भावकीच्या बैठकीत बाया दारातून बोलतात. सखू दार ओलांडून मधोमध उभी राहिली.

"ती पावला ह्यांची न्हायत."

"काय गो?" महिपतने मान वर केली आणि त्याला कळलं. "तू आत जा."

"माजी हायत. घड्याळ दिवाळीपास्नं माज्या हातात व्हता. काल सांजच्याला ह्यांनी घातला." तिने डावा हात पुढे केला, खूण दाखवली. "ठोके माजे, झोप पन माजीच. ह्यांच्या काळजाचा काय चाललाय ता त्या मोबाइलात न्हाय. ता कोनालाच ठावं न्हाय. आता म्हयनाभर मी रातीला बगते, मदीच उठून उशाला टेकून बसून ऱ्हातत, आडवा व्हवत न्हाय त्यांना. खांदा गेला तर जाऊंदे. मना ह्यो मानूस जिता पायजे."

अनिलने एकदा मोबाइलकडे पाहिलं, एकदा आईच्या मनगटाकडे.

"मग बाबांची पावलं किती?"

"पडवी ते परसाकड," सखू म्हणाली, "आनि तितना परत."

सदूला हसू फुटलं. ते फुटताच सखू त्याच्याकडे वळली. "दात काय काडतंस रे? भादव्यात ह्ये बसले तवा तू मूर्ती घेऊन फुडं ग्येलास, मागं वळून बगितलास? डागतराकडं मी नेले. तुला खांदा पायजे ना, घे, पन दात झाक."

सदूचं तोंड मिटलं. सानवी तेवढ्यात आजोबांजवळ जाऊन बसली होती. तिने त्यांचं मनगट उलटं करून घड्याळ पाहिलं आणि भाबडेपणाने मोठ्याने वाचलं, "आजोबा, ठोके एकशे चौदा. तुम्ही तर नुसते बसलायत."

महिपतने पट्टा सोडला. घड्याळ अनिलच्या मांडीवर टाकलं आणि सखूकडे न बघता म्हणाला, "आजच बोलायचा व्हता तुला?"

"काल बोल्ले आसते तर आयकला आसता तुमी?"

महिपत उठला, टोपी नीट केली आणि अंगणात जाऊन तुळशीपाशी उभा राहिला, सगळ्यांकडे पाठ करून. त्याची पाठ बघून सखूच्या मनात आलं, आपण माणूस वाचवला की मारला? अनिल तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"आये, तू मला फोनवर सांगायचंस ना."

"तू इचारतंस कदी? तू तर आकडं बगतंस." आणि मग त्याचा चेहरा बघून तिने त्याच्या दंडावर हात ठेवला. "तुजा काय चुकला न्हाय रे. लांब ऱ्हानाऱ्या पोराला कायतरी दिसायला लागताच."

अनिलने डोळे पुसले ते घाम पुसल्यासारखं करून.

पालखी अंगणात शिरली. ढोल, सनई, गुलाल, मागून खालच्या वाडीची निम्मी माणसं. देव पाटावर टेकला. सखूने ओटी भरली, नारळ ठेवला. आता गाऱ्हाणं. त्यांच्या वाडीत गाऱ्हाणं घरचा थोरला घालतो, आणि तो जे बोलेल त्याला बाकीच्यांनी होय म्हणायचं असतं, मग ते काहीही असो. महिपत हात जोडून पुढे झाला.

"बा केदारलिंगा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"वर्साचा वर्साला तुजी पालखी लेकराच्या आंगनात येते, तुजी सेवा गोड मानून घे."

"व्हय म्हाराजा!"

"पोराबाळांस्नी, गुराढोरांस्नी राखनदार ऱ्हव. मुंबैला ग्येल्यांची बरकत कर."

"व्हय म्हाराजा!"

इथे गाऱ्हाणं संपायचं. नारळ फुटायचा. महिपत थांबला. ढोलवाल्याने टिपरू उचललं होतं ते तसंच हवेत राहिलं.

"म्हाराजा, चार म्हयने मी पोराशी खोटा बोललो. चालली ती, नि शाबासकी मी घेतली."

"व्हय म्हाराजा!" बाबूआबा सगळ्यांच्या वर ओरडले. सवयीने ओरडले की मनापासून, ते देवालाच माहीत.

"घाटी चढवत न्हाय. छातीत कळ येते. आनि म्हाराजा, मना भ्याव वाटता."

या वेळी होकार उशिरा आणि हळू आला. अनिलच्या तोंडून तर आलाच नाही.

"सोमवारी डागतराकडं जायन. यंदाचा खांदा सदूच्या घराला देतो. फुडच्या शिमग्याला तू ठेवलास तर मीच येऊन मागून घेन."

"व्हय म्हाराजा!"

"आनि हिला..." महिपतने दाराकडे मान केली, पण वळला नाही. "हिला काय पायजे ता मना ठावं न्हाय. येकेचाळीस वर्सांत कदी इचारला न्हाय. ता तूच बग, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

सखू दाराच्या चौकटीला धरून रडली. वाडीदेखत रडायचा तिला मनस्वी राग होता. तिने रडता रडता स्वतःलाच एक शिवी घातली आणि पदर तोंडाला लावला. ज्ञानेश्वरी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली.

नारळ फुटला, ढोल सुरू झाला. सदूने पुढचा दांडा खांद्यावर घेतला. एवढी वर्षं डोळा ठेवलेला दांडा मिळाला, तर गड्याने उड्या मारायला हव्या होत्या. पण पहिली फेरी तो अवघडल्यासारखाच नाचला. दुसऱ्या फेरीत जोर आला. सदू नाचतो चांगलं, हे सखूलाही कबूल करावं लागलं. महिपत तुळशीपाशी उभा होता. त्याचा पाय ढोलावर आपोआप पडत होता आणि तो त्याला आवरत होता.

तिसऱ्या फेरीला सदू पालखी घेऊन सरळ त्याच्यासमोर आला आणि दांडा झुकवला.

"दादा, टेक नुस्ता. वजन मी घेतो."

महिपतने आधी सखूकडे पाहिलं. असं विचारून घेतल्यासारखं त्याने तिच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. तिने मान हलवली, होय की नाही ते तिचं तिलाच कळलं नाही. त्याने दांड्याखाली खांदा दिला. सगळं अंगण ओरडलं. एक पाऊल, दोन, तीन. म्हातारा नाचला, टोपी पडली, गुलाल तोंडावर उडाला, चौथं पाऊल, पाचवं, आणि हे थांबायचं लक्षण दिसेना तेव्हा सखू लाज, भावकी सगळं बाजूला सारून अंगणात घुसली आणि देवासमोर मागून त्याच्या सदऱ्याला धरून तिने त्याला ओढला.

"बस झाला," ती म्हणाली. "चला."

आणि महिपत आला.